बाईच्या गोगलगायी

वाघावर काम करणाऱ्यांना लोक चहा पाजतात आणि किस्से सांगायला लावतात. मी गोगलगायींवर काम करते म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग "गोगलगाय अन् पोटात पाय" ही म्हण मला ऐकवतो, जणू मी ती आजवर ऐकलेलीच नाही. लग्नकार्यात तर कुणीतरी विचारतंच, की एवढं शिकून शेवटी हेच का? पूर्वी मी समजावत बसायचे. आता जेवणाच्या रांगेत पुढे सरकते.

माझी गोगलगाय हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तपकिरी शंख, त्यावर एकच फिकट रेघ. ती पिकाला तोंड लावत नाही, कुजलेला पाला खाते, आणि उन्हाळाभर शंखाचं तोंड पातळ पापुद्र्यानं बंद करून दगडाखाली झोपते. मी ती हट्ट्याकडे शोधली, वसमतच्या बाजूला शोधली. जिथे जुने दगडी बांध होते तिथे जेसीबीनं सपाट केलेली हळदीची वावरं निघाली. बांधाच्या उरल्यासुरल्या दगडांत रिकामे शंख मिळायचे, तेही पांढरे पडलेले. जिवंत उरल्या होत्या त्या एकाच जागी, कनेरगाव नाक्यापासून आत, एका तांड्यामागच्या टेकडीच्या उतारावर. दुसरीकडे कुठेच त्या नाहीत हे मला हळूहळू कळत गेलं, आणि पक्कं कळल्यापासून नीट झोप लागेनाशी झाली. पाऊस लांबला की धास्ती, जास्त झाला तरी धास्ती. टेकडीचा मुरूम चांगला आहे असं कुणी सहज म्हटलं तरी तो रस्त्यासाठी खणायला कुणी येणार आहे का, याची मी चौकशी करत फिरायचे.

तांड्यात माझा मुक्काम एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर असे. तांड्यात आईला याडी म्हणतात. मीही तिला याडीच म्हणू लागले. पावसात चिखलात पोटावर पडून मी दगडाखाली बघत होते, तेव्हा तिनं मला पहिल्यांदा पाहिलं. माझं कानातलं हरवलंय असं तिला वाटलं, आणि काही न विचारता तीही शोधायला बसली. खरं काय ते कळल्यावर पोट धरून हसली. पण मग तिनंच तांड्यात बजावलं की त्या बारक्या गोगलगायी बाईच्या आहेत, त्यांना कुणी पाय लावायचा नाही.

मग परक्या देशातल्या मोठ्या गोगलगायी शिवारात शिरल्या. कुणाच्या तरी रोपांबरोबर आलेल्या मातीतून आल्या असाव्यात. मुठीएवढा शंख आणि भूक राक्षसाची. सोयाबीनचं कोवळं रोप रात्रीतून नाहीसं होऊ लागलं. लोक गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वावरात पसरत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचत आणि मिठाच्या पाण्यात टाकत. उपाय बरोबर होता. मीही त्यांच्याबरोबर गोणपाटं पसरली. मोठ्या मारा, बारक्या सोडा, एवढंच सांगत राहिले, आणि लोक माझं ऐकत होते.

पण श्रावणात तीज आली. तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि उगवलेली तीज शेवटी पाण्यात सोडतात. टोपल्या तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, दारात उंचावर ठेवलेल्या असतात. त्या वर्षी एका सकाळी पोरी पाणी घालायला गेल्या, तर टोपल्यांत नुसती माती आणि मातीवर चकाकणारा चिकट ओघळ. सोयाबीन गेलं ते लोकांनी सोसलं होतं. तीज खाल्लेली कुणी सोसणार नव्हतं. पोरी रडायला लागल्या, नायकानं सगळ्यांना बोलावलं, आणि शिवारात नि टेकडीवर एकही शंख शिल्लक ठेवायचा नाही असं ठरलं.

मी तेव्हा बाहेरगावी एका बैठकीला गेले होते. दुर्मीळ जीव कसे वाचवावेत, याचीच बैठक होती. परतताना नाक्यावर एसटीतून उतरले तर चहावाल्यानं कौतुकानं सांगितलं की तांडेवाल्यांनी टेकडी पार साफ केली. चहा तसाच ठेवून मी निघाले.

याडी ओसरीवर माझी वाटच बघत होती. शेजारी फडक्यानं झाकलेली बादली.

"तुमच्या अलग काढल्या, बाई," ती म्हणाली. "त्या मोठ्यायमंदी मिसळू देल्या न्हाई. नायकासंग भांडले मी."

मी फडकं काढलं. वर फेस होता आणि तळाशी माझ्या गोगलगायी, थरावर थर. दिवसभर टेकडीवर पोटावर पडून मला चार-दोन दिसायच्या. एवढ्या एकत्र मी कधीच पाहिल्या नव्हत्या.

"मीठ काहून टाकलं, याडी?" माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

एखादी मेलेली गोगलगाय सापडली की मी ती बाटलीत औषध घालून नेत असे, ते तिनं पाहिलं होतं. नासू नये म्हणून घालतात, असं मीच तिला सांगितलं होतं. तिच्याजवळ ते औषध नव्हतं. लोणच्याला घालतो तसं मीठ घातलं, ती म्हणाली, नाहीतर बाई येईस्तोवर खराब झाल्या असत्या.

मी बादली हौदापाशी नेली. पाणी बदललं, पुन्हा बदललं. एकेक तळहातावर घेऊन बघितली, कुठे शिंग बाहेर येतंय का. मी त्या स्वच्छ करतेय असं याडीला वाटलं आणि ती शेजारी बसून धुवायला लागली. एकही हलली नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे ओलं मुद्दाम बाजूला काढून, जपून जाळलं होतं. मला ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? माझ्यासाठी नायकाशी भांडलेल्या बाईवर?

मी टेकडीवर गेले. दगडामागून दगड उचलले. लोकांनी काम नेकीनं केलं होतं. दगड उलटून बघितल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवायचा, ही माझी शिकवण त्यांनी तंतोतंत पाळली होती. प्रत्येक दगडाखाली ओली माती होती, पाला होता, गोम होती, वाळवी होती. अंजनाच्या बुंध्याशी बसून मी रडले. मेल्या माणसासाठी रडतात तसं रडले.

दिवस मावळायच्या आत खाली आले. याडी काळजीत होती.

"लई येळ लावला, बाई. अजून पाह्यजे व्हत्या का?" तिनं विचारलं. "आमी एक बी सोडली न्हाई. लेकरं बी लावली व्हती शोधायला. पुरतील ना तुमाला?"

"पुरतील, याडी," मी म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. एसटीत सांडू नये म्हणून तिनं बादलीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधून दिलं.