शटरखालून बाजूला

मी मूळचा लातूरकडचा. भाईंदरच्या थंडीला थंडी म्हणायला मला हसू यायचं. पण त्या जानेवारीत सकाळी बोटं खरंच गारठत होती. भाऊ पहिल्या पाळीला गेला होता. वहिनी शाळेची व्हॅन चालवते. भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे, त्यात ती व्हॅन ठेवते. त्या सकाळी तिने मला हाक मारली, कारण गाळ्याचं शटर उघडेना.

एरवी ते शटर ती एका हाताने वर सरकवायची. आज कमरेपर्यंत आलं आणि अडलं. समोरचे टेलरकाका धावत आले. दोन रिक्षावालेही थांबले. सगळे मिळून ‘जोर लगाओ’ करत ओढायला लागले. शटर तसूभर हललं नाही. मी म्हटलं, मी वाकून आत शिरतो आणि आतून रेटा देतो. मी डोकं खाली घातलंही होतं, तेवढ्यात वहिनीने माझा स्वेटर पाठीमागून घट्ट धरला.

“भाऊजी, बाजूला व्हा. मघाशी वर काहीतरी तुटल्याचा आवाज आला. आता हे फक्त गंजावर लटकलंय.”

तिने सगळ्यांना मागे सरकवलं आणि खाली टेकू द्यायला टेलरकाकांकडून लोखंडी टेबल मागितलं. काका टेबल उचलून दाराबाहेर येतायत तोच शटर धाडकन खाली आलं. फरशीचा टवका उडाला.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने फोन हातात घेतला. एकेका पालकाला तिने खरं ते सांगितलं, की व्हॅन आत अडकलीय, मुलांना रिक्षाने नेते, थोडा उशीर होईल. थांबलेल्या त्याच रिक्षा तिने घेतल्या. एकीत ती बसली, दुसरीत मला बसवलं. अनोळखी माणसाबरोबर मुलं एकटी पाठवायची नाहीत, हा तिचा नियम. आम्ही पोचलो तेव्हा शाळेचं फाटक बंद व्हायला आलं होतं, पण सगळी मुलं आत गेली.

जवळच्या हाटकेश भागातून शटरवाला आला. त्याने बाहेरूनच जॅक आणि लाकडी ठोकळे लावून शटर थोडं थोडं उचललं. वरची एक स्प्रिंग तुटली होती. शटर ज्यांत सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत जुनं ग्रीस धुळीत मिसळून थंडीने डिंकासारखं घट्ट झालं होतं. खाडीच्या हवेने गंजही धरला होता. नवीन स्प्रिंग बसवून त्याने घासलेटचा बोळा हातात घेतला, तर वहिनी म्हणाली, “एक बाजू तुम्ही करून दाखवा, दुसरी मी करते.” ओढणी कमरेला खोचून तिने ती पट्टी शेवटपर्यंत खरवडली, पुसली आणि पातळ तेल सोडलं. शटरवाला बघत राहिला. मधे एकदाच त्याने कोपऱ्यात राहिलेलं ग्रीस बोटाने दाखवलं.

दुपारी ती नेहमीसारखी व्हॅन घेऊन मुलांना आणायला गेली. मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. संध्याकाळी भावाला सगळं सांगताना माझाच आवाज चढला; ती आत भाकऱ्या थापत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, “भाऊजी, उद्या स्वेटर धुवायला टाकू का? सकाळी मी धरला तिथे ग्रीस लागलंय.”