कोरा चहा आणि दह्याचं गारीगार

शिनोलीत कुशाबाईच्या दारावरून कोणी कोरड्या तोंडानं गेलं, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पोस्टमन येवो, बोअरवाला येवो, नाहीतर मत मागायला पुढारी येवो, बाईचा हुकूम एकच. "आदी टेक. तोंडात कायतरी टाक. मंग बोल." तशी बाई फटकळ, जिभेला हाड नाही. सून प्रयागबाई हिला तर लग्न होऊन आल्यापासून एक गोड शब्द ऐकायला मिळाला नसेल. पण चहाचं आधण चुलीवर कायम.

आणि अशा बाईच्या तोंडालाच रोग झाला! देवाला दुसरी जागा सापडली नाही का हो? जन्मभर मिश्री लावली, गालाच्या आत फोड आला आणि तो बरं व्हायचं नावच घेईना. मग पुण्याचा दवाखाना आला, आणि तिथं मशीनखाली झोपवून द्यायचे शेक आले. शेकांनी रोग किती जळाला ते डॉक्टरांना ठाऊक, पण तोंड मात्र आतून पार सोलवटून निघालं. पेज लागे, वरण लागे, कोमट दूधसुद्धा निखाऱ्यासारखं लागे. कुशाबाईनं खाणंच सोडलं. अंगावरचं मांस उतरलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी उतरलं तर शेक थांबवावे लागतील, नाहीतर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. तेव्हा कुशाबाईला अजून बोलता येत होतं. ती म्हणाली, "नाकात नळी? म्या काय बैल हाय का येसण घालायला? घाला तुमी, उपटून फेकती का न्हाई बघा." आणि तिनं ती खरंच उपटली असती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

प्रयागबाईच्या जिवाला घोर लागला. ज्या सासूच्या शिव्या खाऊन केस पांढरे झाले, ती सासू डोळ्यांदेखत काडी काडी सुकत चाललेली तिला बघवेना. दवाखान्यातली एक नर्स म्हणाली, गार काहीतरी द्या, गारव्यानं आग थांबते. एवढाच धागा धरून बाई कामाला लागली. तिचा नवरा सोपान पिकअप चालवतो. त्यानं वारूळवाडीकडून द्राक्षं आणली, तिनं रस काढून गोठवला आणि मोठ्या आशेनं सासूच्या जिभेला लावला. कुशाबाई अशी किंचाळली की शेजारपाजार गोळा झाला! आंबट रस उघड्या जखमेवर, दुसरं काय होणार? प्रयागबाईनं त्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं.

पण सोडलं नाही तिनं. म्हशीच्या दुधाला विरजण लावायचं, आणि दही आंबट व्हायच्या आत, अधमुरं असतानाच उचलायचं. फडक्यात टांगून त्याचं पाणी काढायचं. त्यात पिकून गोड झालेला आंबा, नाहीतर चिक्कू. तोही धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलेला, कारण आंब्याचा एक केसर जरी फोडाला लागला तरी बाई तडफडायची. वरून चिमूटभर पिठीसाखर. मंचरच्या बाजारातून कुल्फीचे साचे आणले, त्यात हे मिश्रण ओतून मधे काडी खोचली आणि फ्रीजमधे ठेवलं. झालं दह्याचं गारीगार!

ते तेवढं कुशाबाईला चालू लागलं. काडी धरून ती हळूहळू चाटायची. जिभेवर गार गार विरघळलेलं तोंडात साठायचं, पण घशाखाली उतरवताना तिचा चेहरा पिळवटून जायचा. प्रयागबाई समोर बसून म्हणायची, "गिळा आत्या, गिळा. एवढा घोट गिळा." दिवसभर घरात तेच. गिळा आत्या. सासूनं डोळे मिटून गिळलं की सुनेच्या जिवात जीव यायचा.

आणि ऐन मे महिन्यात गावची डीपी जळाली, गावभर वीज गेली.

वायरमनला फोन लावला की तो म्हणायचा, "निघालोच." कुठून निघाला होता कोण जाणे! दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं होतं, वजन होणार होतं. फ्रीजमधे चार गारीगार शिल्लक होती, एक दुपारचं, एक संध्याकाळचं, एक निजतानाचं आणि एक सकाळी निघतानाचं. प्रयागबाईनं फ्रीजला गोधड्या गुंडाळल्या आणि कोणी दार उघडलं तर हात तोडीन म्हणून बजावलं. सोपान बर्फाची लादी शोधायला मंचरला गेला होता, पण लग्नसराईत बर्फ सहजी मिळतोय कुठला. बर्फ आलाच तर त्यात मीठ घालून साचे पुरू आणि नवी गारीगार लावू, म्हणून प्रयागबाईनं घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध विरजून टाकलं होतं.

नेमकं त्याच दुपारी पेठ गावाहून कुशाबाईचा धाकटा भाऊ गेणभाऊ आणि त्याची बायको लंकाबाई, दोघं आजारी बहिणीला भेटायला आले. उन्हानं तोंडं रापलेली, हातात बिस्किटाचे पुडे. खाटेवरून कुशाबाईनं भावाचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं सुनेला खूण केली. चहा.

प्रयागबाई आत गेली. दुधाचा थेंब नाही. शेजारचं दूध सकाळीच डेअरीला गेलेलं, म्हैस संध्याकाळशिवाय पान्हवणार नाही. गारीगार द्यावं? दोन गेली तर रातच्याला काय, आन् सकाळी काय? नाही, ते द्यायचं नाही. डोकं काही चालेना. तिनं पातेलं चढवलं, पत्ती साखर टाकली आणि कोरा चहा कपांत ओतून बाहेर आणला.

अगं बाई, गूळपाणी द्यायचंस! ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरी भेटायला आलेल्यांना बिनदुधाचा चहा देतात. एरवी पाहुण्यापुढं कोरा चहा कोण ठेवतं? प्रयागबाईलाही ते पोरवयापासून ठाऊक होतं. पण घोर लागलेल्या माणसाची अक्कल अशीच ऐन वेळी पेंड खाते.

लंकाबाईनं कप घेतला, आत बघितलं आणि हळूच जमिनीवर ठेवला. गेणभाऊनं तर हातच पुढं केला नाही. कुशाबाईनं मान उचलून त्या काळ्या पाण्याकडं बघितलं. तिचा आवाज तर पार गेलेला, पण शब्द सगळ्यांना कळले.

"आजून हाय म्या."

एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"आत्या, दूध न्हवतं हो!" प्रयागबाई कळवळली. "समदं तुमच्यासाठीच इरजलं! माज्या मनात तसलं काय न्हाई!" ती धावत जाऊन दुपारचं गारीगार घेऊन आली, सासूच्या ओठांना लावलं. "गिळा आत्या. येवढं गिळा." ओठ घट्ट मिटलेले. आंब्याचं पाणी उशीवर ठिबकायला लागलं. प्रयागबाईनं विनवलं, हात जोडले, खाटेच्या माच्यावर कपाळ आपटलं. भिंतीकडचं तोंड वळलं नाही. तिनं ते गारीगार तसंच परत फ्रीजमधे ठेवलं. उद्याचा वजनाचा काटा तिला आत्ताच दिसत होता, आणि त्याच्यामागं ती नळी.

गेणभाऊ उठला. "पोरी, आमी निगतो. आमच्या पायानं झालं हे."

प्रयागबाई दारात आडवी उभी राहिली. "मामा, पाया पडती, जाऊ नका! तुमी असं कोरडं गेलात तर ती आता तोंड उगडायची न्हाई. मला ठावं हाय ना!" तिनं दोन्ही कप उचलले, चहा अंगणात भिरकावला आणि फ्रीजमधून दोन गारीगार काढून आणली.

"ते तिचं औषध हाय," गेणभाऊ मागं सरला. "म्या खाऊ व्हय? माज्या गळ्याखाली उतरंल का?"

"उतरवा! तिच्या म्होरं बसून खावा, तिला ऐकू जाऊ द्या!"

म्हातारा खाटेपाशी बसला आणि लहान पोरासारखा फुर्रफुर्र करत चोखायला लागला. मिशीवर दही आणि दह्यावर डोळ्यांतलं पाणी. "अक्के, लई ग्वाड झालंय गं. सुनंच्या हाताला चव हाय तुज्या." लंकाबाई पदराआड तोंड लपवून खात होती. तिचे हुंदके सगळ्यांना ऐकू येत होते.

कुशाबाई हळूहळू वळली. तिनं भावाच्या हातातली नुसती काडी बघितली, भावजयीच्या हातातली बघितली. प्रयागबाई उरलेली दोन्ही गारीगार ताटलीत घालून घेऊन आली. कुशाबाईनं एक उचललं. उचललं, आणि सुनेच्या तोंडापुढं धरलं.

"मला नगं, आत्या! दोनच उरल्यात. तुमी खावा, उंद्या काटा हाय!"

हात हलेना. सकाळपासून सुनेच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि खाटेवर पडल्या पडल्या म्हातारीनं ते सगळं बघितलं होतं. गारीगार वितळून तिच्या मनगटावरून ओघळत बांगड्यांत उतरलं. शेवटी प्रयागबाईनं काडी हातात घेतली आणि तोंड उघडलं.

तेव्हा कुठं कुशाबाईनं दुसरं उचललं. चाटलं. चेहरा पिळवटला, डोळे मिटले आणि तिनं घोट गिळला. मग आणखी एक.

प्रयागबाईच्या तोंडातलं दही मात्र तोंडातच राहिलं. ती तशीच गाल फुगवून रडत बसली. कुशाबाईनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं, गारीगार बाजूला धरलं आणि फाटक्या आवाजात म्हणाली,

"गिळ, प्रयागे. एवढा घोट गिळ."