लाल गाडीवरून आबा उतरेनात

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आज शिरपूरहून धुळ्याला स्पोर्ट्स बाईक बघायला गेलो. दोन गाड्यांवर येऊन अडलो होतो. लाल गाडी बघितली की छातीत धडधडतं, पण तिच्यावर पार वाकून बसावं लागतं. निळीही चांगली पळते, शिवाय मागची सीट रुंद आहे.

सोबत वडील होते, आमचे आबा. त्यांनी घरून गुरांच्या ढेपेचं अर्धं पोतं आणलेलं! म्हणे, गाडी पोतं बांधूनच पारखायची. शोरूमवाला बघतच राहिला. लालवरून पोतं दोनदा घसरलं. निळीवर मात्र नीट बसलं. चला, सुटलो, म्हटलं.

कागदपत्रांसाठी आत जाऊन आलो, तर आबा लाल गाडीवर बसलेले! टोपी खिशात, दोन्ही हात हँडलला, पार वाकलेले.

"आबा, मग निळीच ना?"

"निळीच ले. कामनी शे."

निळी कामाची आहे, असं बोलले, पण लालवरून उतरेनात. आयुष्यभर त्यांनी कामाचीच गाडी चालवली आहे.

मी काहीच न ठरवता परत आलो. आता तुम्हीच सांगा, आबा बोलले ते ऐकू, की आबा जिथे बसले होते ते बघू?