लांबच्यांना आधी

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील वैजापूरकडं मेंढरं राखायचे. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून शहरातल्या एका गल्लीत खोली घेतली. ती गेली तर शिक्षण थांबवायचं आणि परत यायचं, हे घरातून निघतानाच ठरलं होतं.

खोली ज्यांची, त्या काकू आमच्याच तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. यजमान वाळूजला कंपनीत. गल्लीच्या तोंडाशी अशीच आमच्याकडून आलेली घरं होती, आणि वळणाच्या पुढं मुसलमानांची. त्या वर्षीच्या दुष्काळात नळ बंद झाले, टँकर सुरू झाला. टँकर आत वळत नसे. आतल्या बायका हंडे घेऊन पोचेपर्यंत पाणी तळाला गेलेलं असायचं. मग भांडण. शेवटी काकूंनीच सुचवलं, पोरगी शिकलेली आहे, तिनं खडूनं हंड्यांवर नंबर टाकावेत. दोन्हीकडच्या बायका तयार झाल्या.

पहिला नंबर मी अगदी आतल्या घराला दिला. त्यात काही विशेष करतेय असं मला वाटलंच नाही. आमच्याकडं हाळावर, जनावरांच्या पाण्याच्या कुंडावर, लांबून आलेल्या कळपाला आधी पाणी पाजतात. जवळच्याला पुन्हा येता येतं. सगळीकडं असंच असेल, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी आत सगळ्यांना पुरलं. तोंडाशी तीन घरं कोरडी राहिली, त्यात काकूंचं एक.

काकू खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आपली म्हणून खडू दिला गं तुझ्या हातात. तू तर त्यांनाच आधी पाजायला लागली. मेंढरं हाकायची सवय जात नाय व्हय?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खोली नको असंल तर तसं सांग."

हाळाची गोष्ट सांगावी असं मनात आलं होतं. पण मेंढरांचं नाव त्यांनी आधीच काढलं होतं, आणि मला लाज वाटली.

पुढच्या टँकरला मी तोंडाकडून नंबर टाकले. शेवटच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या चाची हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आकडा पाहिला.

"आज उल्टे नंबर कायकू लगायी बेटी?"

"तसंच ठरलंय," मी म्हणाले.

"किनने ठैराया?"

मी टँकरकडं वळले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अर्धा हंडा घेऊन त्या गेल्या.

आतल्या लोकांनी मग तक्रार केली. एका मोठ्या टँकरऐवजी दोन लहान यायला लागले, एक आमच्या तोंडाशी, एक मागच्या रस्त्यानं त्यांच्याकडं. सगळ्यांना हायसं वाटलं. भांडण मिटलं, असं काकू शेजारणींना सांगायच्या. आधी भांडायला का होईना, पण दोन्हीकडच्या बायका एका जागी जमत होत्या. आता वळणाच्या पुढं जायचं कुणाला कारणच उरलं नाही. मलाही नाही.

त्या वर्षी मी पास झाले. खोली पुढची दोन वर्षं माझ्याकडंच राहिली. चाचींचं घर तिथून दोन मिनिटांवर होतं. मी एकदाही गेले नाही.