स्लॅबवरची करडई

जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात आधी पाट्या आल्या, कचेऱ्या मागून आल्या. कुणाच्या गोदामावर, कुणाच्या माडीवर, एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या दारावर ‘जिल्हा’ हा शब्द ताज्या रंगात चमकायचा आणि आत एक टेबल, एक खुर्ची, एक माठ. या सगळ्या पाट्यांना एकच छप्पर मिळावं म्हणून गावाबाहेरच्या माळावर मोठी इमारत उठत होती. काम आमच्या मालकांनी घेतलं होतं. मी त्यांचा साइटवरचा इंजिनिअर.

सरकारी कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना समजावताना माझ्या वडिलांचा घसा कोरडा पडायचा. “पोरगा सरकारी हाय का?” “काम सरकारी हाय.” “मग पगार?” “मालक देतेत.” पाहुणे चहा संपवून उठायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. इमारत सरकारची, तिच्यावरची सही सरकारी साहेबांची, नफा मालकांचा. पण सकाळी ऊन चढायच्या आत तिच्याजवळ जाऊन उभं राहणं, कालपर्यंत नुसती हवा होती तिथं आज भिंत आहे हे बघणं, एवढं माझं होतं. ते मला पुरेसं होतं.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं आणि पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परत गेला. चैत्र लागायच्या आधीच माळावर दुपारी ऊन हलायला लागलं. विटांचे ढीग पाण्यावर तरंगतायत असं दिसायचं. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या खोट्या पाण्याकडं बघत बसायचो. मालक म्हणायचे, “आमचा इंजिनेर उघड्या डोळ्यानं झोपतो.” खोटं नव्हतं ते.

कामावरची माणसं मुखेडकडची होती. तिकडं रानं करपली म्हणून बिऱ्हाडं उचलून आलेली, साइटला लागूनच झोपड्या टाकून राहिलेली. माझंही गाव त्याच भागातलं, त्यामुळं त्यांचं बोलणं ऐकलं की मला घरी असल्यासारखं वाटे. पाणी मारायचं काम एका विधवा बाईकडं होतं. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो. तिच्या हातात पाइप आला की ती कुणाचं ऐकत नसे, माझंही नाही.

काँक्रीट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ते ओलं राहिलं तरच घट्ट होतं, म्हणून ओतल्यावर दोन-तीन आठवडे त्याला पाणी द्यावं लागतं. साइटवरची विहीर आटली होती, तेव्हा मालकांनी रोज एक टँकर लावला होता. हुकूम स्पष्ट होता: “टँकरचं पाणी कामाचं. वस्तीनं आपलं बघावं.”

वस्तीनं कुठं बघावं? सरकारी टँकर गावांना मिळायचे आणि ही झोपड्यांची रांग कुठल्याच गावात नव्हती. मावशी एका कचेरीत विचारून आली. परत येऊन हसत हसत सांगायला लागली, “ते म्हंतेत, तुमी नांदेड जिल्ह्याचे, तिकडं जाऊन मागा. आमी हितं त्यायचंच घर बांधून राहिलो अन् म्हणं तुमी तिकडचे!” बायका हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, नुसता संताप आला.

लहानपणी आमच्या गावात आई पाणवठ्यावर घागर ठेवून बाजूला उभी राहायची. कुणीतरी वरून पाणी ओतील याची वाट बघत. पुढं आमच्या वस्तीनं स्वतःची विहीर खोदली, घरात बुद्धाची तसबीर लागली, मी नांदेडला डिप्लोमा केला. पण आईचं ते उभं राहणं माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही. आता पाणी माझ्या ताब्यात होतं. टँकर आला की बायका घागरी घेऊन यायच्या आणि मी सिमेंटची पोती मोजायला पलीकडं निघून जायचो. परवानगी दिली असं कुणी म्हणायला नको, नाही म्हटलं असंही नको.

पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला. ओल टिकावी म्हणून मालकांनी तेलगिरणीतून जुनी पोती आणवली, आम्ही ती स्लॅबभर अंथरली आणि भिजवली. आठवडाभरात पोती हिरवी झाली. शिवणींत, विणीत अडकलेली करडई उगवली होती. खाली कोसभर गवताची काडी नव्हती आणि वर, नव्या जिल्ह्याच्या अर्ध्या कचेरीच्या डोक्यावर, कोवळं रान हलत होतं. सकाळी मी वर गेलो की आपोआप चपला काढायचो. मावशी पानं खुडून भाजी करायची. भाकरीवर लसणाची फोडणी दिलेली ती भाजी मला मिळाली की दुपारभर मी कुठल्या साइटवर आहे ते विसरून जायचो.

तीन आठवडे झाले. पाणी थांबवायला हरकत नव्हती, वरचा मजला पावसाळ्यानंतरच चढणार होता. पण पाणी थांबलं की टँकर थांबणार आणि टँकर थांबला की वस्ती काय पिणार? मी मालकांना म्हणालो, “ऊन लई आहे. अजून आठ दिवस पाणी द्यावं लागंल.” ते आठ दिवस संपले तेव्हा वाऱ्याचं नाव सांगितलं. पाहणीला आलेले सरकारी साहेब चकित झाले. “कंत्राटदाराचा माणूस आणि जास्तीचं पाणी मारतो? नोकरीत पहिल्यांदाच बघतोय!” ते मला शाबासकी देऊन गेले. मालकांची मात्र घाई वाढत होती. त्यांच्या उमरीच्या कामाला, ओला स्लॅब तोलून धरणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लेटा हव्या होत्या आणि त्या इथं माझ्या स्लॅबखाली अडकल्या होत्या.

शेवटी एके सकाळी ते स्वतःच आले. “आज खोलायचं,” म्हणाले.

मालकांचा एक रिवाज होता. स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या काढताना ज्यानं तो ओतून घेतला त्यानं खाली उभं राहायचं. “निसतं डोळ्यानं बघून सही करनाऱ्यावर माजा इस्वास न्हाई,” असं ते म्हणत. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. हिशेब बरोबर होता, सळई बरोबर होती, सगळं मला माहीत होतं. तरीही पहिली बल्ली सुटली तेव्हा मी मान वर करून बघितलंच.

तेवढ्यात मावशी पदर खोचून आत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

“मावशी, बाहेर व्हा.”

“का म्हून? सिमिट तुमचं असंल, पाणी माजं हाय. मी रोज घातलं. न्हाई पडत.”

मालक दारापाशी उभे होते. त्यांनी माणसांना पुढची बल्ली काढायची खूण केली. एकेक बल्ली निघत गेली. शेवटची निघाली तेव्हा वरून थोडी धूळ पडली, मावशीच्या केसांवर, माझ्या खांद्यांवर. स्लॅब हलला नाही. सावली तेवढी मोठी झाली, मोकळी, गार, आणि मला उगाच वाटलं की आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत.

बाहेर टँकर येऊन थांबला होता. बायका घागरी घेऊन निघाल्या होत्या. मालक ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, “उद्यापासून उमरीच्या कामावर जायचं. हितलं पाणी बंद.”

बायका चालता चालता थांबल्या. मावशीनं डोक्यावरची धूळही झटकली नाही. मी त्या सावलीतून बाहेर आलो आणि इतके दिवस फिरवून फिरवून सांगितलेलं सरळ बोललो. “मालक, स्लॅबला ते पाणी कधीपासूनच नको होतं. वस्ती पिते ते. दुसरं पाणी नाही त्यांना.”

नोकरी गेली असं मी मनात धरलंच होतं. वडील पाहुण्यांना आता काय सांगतील, असाही एक विचार येऊन गेला.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. “मंग मला पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही टँकर बंद केला असता.”

त्यांनी आत पाहिलं. मावशी अजून तिथंच, स्लॅबखाली एकटी उभी होती.

“केला असता,” ते म्हणाले. मग ड्रायव्हरकडं वळले. “उद्या हितंच ये.”