रेघेपासून मोजलेलं माप

पेंटरांबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्यांच्याविषयी माहीत तरी किती? एकोणीस वर्षं आमच्या दोन गाळ्यांमध्ये एकच भिंत होती. मी घड्याळं दुरुस्त करायचो, ते पाट्या रंगवायचे. त्यांच्या घरी मी एकदाही गेलो नाही. त्यांची बायको गेली तेव्हा दाराशी उभा राहून "वाईट झालं" एवढंच म्हणालो होतो.

त्यांचं अक्षर असं, की पाटी वाचता वाचता माणूस दुकानात काय घ्यायला आलो ते विसरायचा. पुढे उजवा हात थरथरायला लागला. मुलाने कटर घेऊन दिला. संगणकावर शब्द लिहायचा, उंची टाकायची, की मशीन रंगीत चिकट व्हिनाईलमधून अक्षरं कापून देतं. मुलाने बजावलंही होतं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत एक तरी काम धड करून दाखवा. नाहीतर गाळा सोडू आणि तुम्ही आमच्याकडे या."

"तिथे जाऊन काय करू?" पेंटर मला म्हणाले होते. "नातवंडांच्या वह्यांवर नावं घालू?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काम होतं डॉक्टरीणबाईंचं. काचेच्या दारावर दोन ओळी, लाल रंगात. वर 'दवाखाना', खाली 'प्रसूतिगृह', दोन्ही दहा सेंटीमीटर उंच. अकराला उद्घाटन. लाल रोल संपत आला होता आणि नवा यायला आठवडा लागणार होता.

सकाळी आठ वाजता पेंटरांनी भिंतीवर थाप मारली. "घड्याळवाले, जरा या हो."

'दवाखाना' झकास निघाला होता. 'प्रसूतिगृह' मात्र बारीक, थोरल्या भावामागे लपलेल्या पोरासारखं.

"दहाच टाकले होते," ते म्हणाले. "मशीन माझ्या मुळावर उठलंय."

त्यांनी रोल काढून पुन्हा बसवला, पातं घट्ट केलं, पुन्हा दहा टाकले. पुन्हा तेवढंच.

त्या वेळी मला दिसलं. 'दवाखाना'ला डोक्यावरच्या रेघेच्या वर काही नाही, खाली काही नाही. 'प्रसूतिगृह'ला वर वेलांटी, खाली उकार. मशीन वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत दहा मोजत होतं. पेंटर जन्मभर रेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजत आले. तोंडाशी आलं होतं. पण ज्याने हयात अक्षरांत घालवली त्याला मी घड्याळवाला काय शिकवणार? गप्प राहिलो.

"तेरा टाकतो," ते म्हणाले. "तेराने होईल ना?"

"बघा," मी म्हणालो.

तेरानेही झालं नाही. रोलची नुसती पुठ्ठ्याची नळी उरली. तेव्हा कुठे मी बोललो. त्यांनी पोलादी पट्टी लावली, एकदा वरून, एकदा रेघेपासून.

"सोळा टाकायला हवे होते," ते म्हणाले. मग, "हे तुम्हाला कधी दिसलं?"

"दुसऱ्या खेपेला."

"मग बोलायचं नाही का, भल्या माणसा?"

मी पुठ्ठ्याची नळी उचलून कोपऱ्यात ठेवली.

शेवटी त्यांनी ब्रश काढला. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, दारावर वर 'दवाखाना' चिकटवला. काचेसमोर गुडघ्यावर बसून डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. 'प्र'चा उभा दंड तीनदा पुसला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "राहू द्या काका. नुसतं 'दवाखाना' असलं तरी चालेल. पेशंट काय, विचारत विचारत येतील." चांगल्या मनाने म्हणाल्या. पेंटर उठले, फडक्याने काच लख्ख पुसली आणि कुणाकडे न बघता चालू लागले. मी रंगाचा डबा आणि पट्टी घेऊन मागे.

दुसऱ्याच दिवशी मुलगा टेम्पो घेऊन आला. कटर चढला, रंगाचे डबे चढले. मी माझ्या टेबलाशी एक घड्याळ उघडून बसलो होतो, पण काम काही करत नव्हतो. पट्टी आदल्या दिवसापासून माझ्याकडेच राहिली होती. ती घेऊन बाहेर आलो.

"पेंटर, पट्टी राहिली तुमची."

"अरे हो. द्या इकडे."

"चहा सांगू?"

"नको. टेम्पोवाला खोळंबलाय."

"बरं. सावकाश जा."