उस्मानचाचांच्या गॅरेजातल्या दुपारी

जळकं ऑइल डब्यात साठतं तसे गॅरेजात किस्से साठतात. आपलं लक्षच नसतं, आणि एक दिवस डबा काठोकाठ भरलेला दिसतो! नाशिकला आडगावजवळ उस्मानचाचांच्या हाताखाली मी वीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलतोय. आता डबा थोडा ओततो.

* * *

सटाण्याच्या लोटनदादांचा नवा ट्रक इगतपुरीच्या घाटात ओढेनासाच झाला. हल्लीच्या गाड्यांना धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी लागतं. ते मिळतं तयार कॅनमध्ये. लोटनदादांनी घरचंच खत बादलीत कालवून ओतलेलं!

"युरिया तो युरियाच शे ना, भाऊ!"

टाकीच्या तळाशी पांढरे खडे. सगळी लाइन धुण्यात दोन दिवस गेले. लोटनदादा हळहळत म्हणाले, "माझा कांदा तर याच युरियावर टरारून येतो."

चाचा म्हणाले, "मग सायलेन्सरमध्ये कांदेच लावू या!"

* * *

एकदा एक ड्रायव्हर धावतपळत आला आणि तापल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. चाचांनी त्याचा हात धरला. "तोंड भाजेल, बेटा. बस आधी."

बसल्या बसल्या त्यानं घरी फोन लावला. आधी कुरकुर, मग हळू आवाज, मग हसू. लिंबाच्या सावलीत तो कितीतरी वेळ बोलत होता. फोन ठेवून दचकला, "झालं का थंड?"

"कधीच! तुझं बोलणं संपायची वाट बघत होतो."

* * *

सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी भरली की गाडी उभी करून ती काजळी जाळावी लागते. बटण दाबलं की इंजिन अर्धा तास एकटंच घुमत राहतं. चाचा गाडी वाळक्या गवतापासून लांब, मोकळ्या सिमेंटवर लावायला लावतात.

पेठचा एक ड्रायव्हर मागे उभा राहून बघतच राहिला. सायलेन्सरमधून निघणाऱ्या गरम हवेतून म्हसरूळकडचा डोंगर पाण्यात पडल्यासारखा हलत होता.

"मागं नको उभा राहू, भाजशील!" चाचा ओरडले.

तो बाजूला सरला, पण नजर तिथंच. "आमच्याकडचे डोंगर सकाळी असेच दिसतात, चाचा. लय दिवस झाले बघून."

गाडी तयार झाली तरी चाचांनी त्याला लगेच हाक मारली नाही.

* * *

एका मालकाला डॅशबोर्डवरचा, धुराचा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा कायमचा बंद करून हवा होता. "सेन्सर बायपास करून टाका. सगळेच करतात!"

चाचा म्हणाले, "पोट दुखलं की डॉक्टरकडे जाता ना? की ओरडणं बंद करायची गोळी मागता? धूर वाढेल, आणि ते नियमातही बसत नाही. मी नाही करणार."

मालक चिडून गेला. पंधरा दिवसांनी मुकाट्यानं परत आला. आम्ही तपासलं, तर एक लहानसा पाइप चिरलेला.

"एवढंच होतं?"

"दिवा एवढंच सांगत होता!"

* * *

शुक्रवारची दुपार. चाचा नमाजला गेलेले. मी मालेगावच्या एका ट्रकखाली शिरून ऑइल सोडलं. ते थेंबथेंब निथळत होतं, खालची फरशी गार. कधी डोळा लागला कळलंच नाही. स्वप्नात मी गंगापूर धरणात होडीत पडलोय, कडेला पाणी चुबुक चुबुक वाजतंय, वर एक मोठा काळा ढग थांबलाय.

आरडाओरड्यानं जाग आली. ढग म्हणजे इंजिन होतं. ट्रकचा ड्रायव्हर जेवून आला होता, काम झालंसं समजून. केबिनमध्ये चावी सापडेना म्हणून परत आलेल्या चाचांवर तो खेकसत होता.

"चावी माझ्या खिशात आहे," चाचा म्हणाले. "गाडीखाली माणूस आहे."

"कुणी नाही खाली! मी तीनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही!"

मी सरपटत बाहेर यायला लागलो.

चाचा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच खिशात आहे."